मुलाबाळांसह मोंबासाला जावे का? सुवार्ता दौऱ्याच्या पूर्वतयारीविषयी एक उत्तर

नाशिकच्या एका बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, २२ जणांचे गायन मंडळ ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांच्या सुवार्ता दौऱ्यासाठी, म्हणजे गावोगावी ख्रिस्ताचा संदेश सांगण्यासाठी, केनियाला जाणार आहे. मोंबासा, वोई, नैरोबी, नाकुरू आणि किसुमू ही ठिकाणे ठरली आहेत. तयारीला हातभार लावण्यासाठी कोणीतरी जानेवारीपासून मोंबासात येऊन राहावे अशी तिथल्या मंडळ्यांची विनंती आहे आणि ती जबाबदारी या बंधूंकडे आली आहे. पत्नी परिचारिका आहेत, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. मुलांच्या शाळेचे काय करावे, पत्नीला तिथे आपल्या शिक्षणाचा उपयोग करता येईल का, आणि एवढा संसार हलवण्यापेक्षा आपण एकट्याने जाऊन मध्ये दोनदा घरी येऊन जावे हे शहाणपणाचे नाही का, असे त्यांनी विचारले आहे. त्यांच्या आई ७२ वर्षांच्या आहेत आणि त्यांना हा बेत मुळीच पसंत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

मी आणि माझे पती अशा पूर्वतयारीसाठी तीनदा कुटुंबासह परदेशात राहिलो. त्यांपैकी दोन मुक्काम मोंबासात झाले आणि एक किसुमूत. पहिल्या वेळी आमची मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास तुमच्याच मुलांच्या वयाचे. गावोगावच्या भेटीगाठी पतींकडे असत आणि उतरण्याच्या जागा, जेवणखाण, हिशेब व पत्रव्यवहार माझ्याकडे असे. पुढे जे लिहीत आहे ते या अनुभवावरून लिहीत आहे.

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: त्या आठ-नऊ महिन्यांत तुमच्या पत्नीचा आणि मुलांचा दिवस कशाने भरलेला असेल? तुमचा दिवस भरलेलाच असणार, कारण तुम्हाला काम नेमून दिलेले आहे, लोक तुमची वाट पाहत असतील आणि संध्याकाळी दमून घरी येताना आज काय झाले हे तुम्हाला सांगता येईल. त्याच घरात ज्यांना कोणी काही नेमून दिलेले नाही, त्यांना मार्च महिना फार जड जातो. दौऱ्याच्या तयारीसाठी गेलेली जी कुटुंबे मध्येच परतलेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचे दौऱ्याचे काम व्यवस्थित चालले होते. मोडले होते ते घर. म्हणून माझा सल्ला असा आहे की दौऱ्याचा आराखडा हातात घेण्यापूर्वी घराचा आराखडा करावा, आणि तो जमत नसेल तर दौऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. यजमान मंडळ्या तुम्हाला खरोखर बोलावत आहेत की आपल्याच मंडळीने सुचवले म्हणून त्यांनी मान डोलावली आहे, हा पहिला भेद. मोंबासाच्या तीन-चार मंडळ्यांच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) आणि वडील मंडळाने (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनी) मिळून एक समिती नेमली असेल, तिचा अध्यक्ष तिथलाच असेल आणि ठराव लेखी असेल, तर तुमचे काम त्यांनी उभारलेल्या दौऱ्याला हात देण्याचे राहील, आणि ते कुटुंबाच्या आवाक्यातले काम आहे. तशी समिती नसेल तर अख्खा दौरा तुमच्या एकट्याच्या खांद्यावर येईल आणि तुमच्या मुलांना वडील दिसणार नाहीत. हा भेद पत्रव्यवहारातच स्पष्ट होतो. "ऑगस्टनंतर ज्यांना बायबलचे वचन आणखी समजून घ्यायचे असेल त्यांच्याकडे कोण जाईल?" एवढे एकच विचारून पाहा. उत्तरात गावनिहाय माणसे कळवली गेली तर समिती खरी आहे.

आता परवान्याचे. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी आधी ऑनलाइन प्रवास-मंजुरी घ्यावी लागते. ती भेटीसाठी असते. तिच्यावर आठ महिने राहून दौऱ्याचे काम करणे बरोबर नाही, मग "थोडे दिवस काढा, नंतर बघू" असे कोणीही सांगो. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तिथे 'आय' वर्गाचा परवाना आहे. त्यासाठी तिथल्या नोंदणीकृत संस्थेने तुमच्या वतीने अर्ज करायचा असतो. पत्नी आणि मुलांना अवलंबित म्हणून वेगळा पास लागतो, आणि शाळेत घालताना विद्यार्थी पासची चौकशी शाळेतच करावी. या सगळ्याला काही महिने लागतात, तेव्हा जानेवारीत निघायचे तर कागदपत्रे पावसाळ्यातच तिकडे पोहोचली पाहिजेत. सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाने विमानतळावरच्या पहिल्या प्रश्नाला अर्धसत्य उत्तर द्यावे, हे मला कधीच पटलेले नाही. मुले शेजारीच उभी असतात आणि ऐकत असतात.

तुमच्या पत्नीच्या कामाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. अवलंबिताच्या पासवर नोकरी करता येत नाही. शिवाय परिचारिका म्हणून काम करायला केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि काम विनामूल्य असले म्हणून ती अट सुटत नाही. दौऱ्यात "एखादे आरोग्य शिबिर घेऊ, बहीण आहेतच" अशी सूचना हमखास येते. त्या सूचनेला, तिथल्या परवानाधारक दवाखान्याने शिबिराची पूर्ण जबाबदारी घेतल्याखेरीज, होकार देऊ नका. मग त्यांनी करावे काय? त्यांची नोकरी सुटणार आहे की बिनपगारी रजा मिळणार आहे, हे आधी ठरवा, कारण परतल्यावर आपली जागा आपली वाट पाहते आहे ही जाणीव फार आधार देते. तिथे गेल्यावर त्यांच्या वाट्याला दौऱ्यातले एखादे पूर्ण खाते द्यावे: पाचही ठिकाणी २२ माणसे कोणाच्या घरी उतरणार, कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाला मधुमेह आहे, कोणाची औषधे थंड जागी ठेवावी लागतात. परिचारिकेइतके हे कोणाला जमणार नाही. मात्र ते खाते समितीच्या कागदावर त्यांच्या नावाने असावे. "माझी पत्नी मदत करील" एवढ्या शब्दांत ते मावत नाही, आणि काम परवान्याच्या कोणत्या नोंदीखाली बसते हे यजमान संस्थेकडून लेखी घ्यावे.

शाळेसंबंधी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. केनियाचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, त्यात तीन सत्रे असतात आणि एप्रिल, ऑगस्ट व वर्षअखेर अशा सुट्या असतात. जानेवारीत गेलात तर मुले वर्गातल्या इतर मुलांबरोबरच पहिल्या दिवशी बाकावर बसतील, आणि दौरा नेमका सुटीत येईल. अडचण स्वाहिली या तिथल्या भाषेची आहे. २०१७ पासून तिथे जो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आहे त्यात स्वाहिली शिकावीच लागते. सहा वर्षांचे मूल ती दोन महिन्यांत खेळताखेळता उचलते, अकरा वर्षांच्या मुलीला मात्र वर्गात मागे पडल्यासारखे वाटते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा त्या दृष्टीने सोप्या आहेत, पण महाग आहेत आणि त्यांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. आम्ही मुलाला जवळच्या साध्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले आणि मुलीसाठी नाशिकसारख्याच एका गावातल्या तिच्या शाळेशी आधी बोलून, तिथला अभ्यासक्रम घरी पूर्ण करून परत आल्यावर परीक्षा देण्याची लेखी परवानगी घेतली. ती परवानगी प्रत्येक शाळा देत नाही. मिळाली नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. मुलीला घरी शिकवायचे ठरवले तर आठवड्यातून निदान तीन दुपारी तिला समवयस्क मुलींची सोबत मिळेल अशी सोय मंडळीतून लावून घ्या. आमच्या मुलीला ती मंडळीच्या मुलींच्या गायनवर्गात मिळाली, आणि शेवटी घरात सगळ्यांत चांगली स्वाहिली तीच बोलू लागली.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाला थोडा आधार आयताच मिळतो. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', पैशाला 'पेसा' आणि लाखाला 'लाकी'. तीन चाकांच्या ज्या टुकटुकमधून मुले शाळेत जातील ती बहुधा बजाजचीच असेल. पण एका ठिकाणी आम्ही फार चुकलो. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सा मोजा' म्हणजे पहिला तास म्हणजे आपले सकाळचे सात, आणि 'सा ताटू' म्हणजे नऊ. पहिल्याच महिन्यात मी पाळकांच्या कुटुंबांना दुपारी तीनच्या चहाला बोलावले आणि निरोपात आवर्जून स्वाहिलीत 'सा ताटू' लिहिले. सकाळी नऊला दारात सात माणसे उभी होती. पती घरी नव्हते, भांडी घासायची होती, मुलगा अंघोळीला बसला होता. एका पाळकीण बाईंनी माझा चेहरा पाहिला, काही न विचारता ओट्यावरची तुरीच्या शेंगांची टोपली पुढे ओढली आणि शेंगा सोलायला बसल्या. तुरीला तिथे 'म्बाझी' म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवून 'महाम्री' नावाच्या गोडसर पुरीबरोबर न्याहारीला खातात. त्या सकाळी आम्ही तेच खाल्ले. दौऱ्यात उतरण्याची जी पहिली चार घरे मिळाली ती त्या सात माणसांकडूनच मिळाली. तेव्हापासून वेळ लिहिताना मी नेहमी दोन्ही पद्धतींनी लिहिते आणि पुढे 'सकाळी' किंवा 'दुपारी' घालते. गायन मंडळाच्या वेळापत्रकातही तसेच करा, नाहीतर बस सहा तास आधी किंवा नंतर येईल.

घर कसे घ्यावे? मोंबासात पाण्याची टंचाई कायमची आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येते, टाकी किती मोठी आहे आणि विहिरीचे पाणी खारे आहे का, हे भाड्याच्या आधी विचारा. अनेक वस्त्यांत हातगाडीवरून पिवळ्या कॅनमधून पाणी विकत घ्यावे लागते. घर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे, समितीच्या कार्यालयापासून लांब असले तरी चालेल. त्याचे कारण पुढे सांगते.

शेजाराबद्दल अधिक लिहायला हवे. मोंबासाच्या किनाऱ्यावर मुस्लिम लोकवस्ती मोठी आहे. आमच्या दोन्ही मुक्कामांत घरमालकीण मुस्लिम होत्या. करार करतानाच आम्ही त्यांना सांगितले की आम्ही ख्रिस्ती आहोत, एका सुवार्ता दौऱ्याच्या तयारीसाठी आलो आहोत, घरी अधूनमधून प्रार्थना आणि गाण्याचा सराव होईल. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: रात्री किती वाजेपर्यंत, आणि रमजानमध्ये काय करणार? आम्ही साडेआठची वेळ कबूल केली आणि रमजानमध्ये सराव चर्चमध्ये हलवला. दौरा संपेपर्यंत त्या घराशी आमचे संबंध उत्तम राहिले. आपण कशासाठी आलो आहोत हे लपवू नये, आणि धान्य, औषध किंवा शाळेची फी यांची मदत कधीही सभेला येण्याशी बांधू नये. एप्रिल २०२३ पासून पुढच्या काही महिन्यांत मोंबासाच्या उत्तरेला किलिफी जिल्ह्यातल्या शाकाहोला जंगलातून एका पंथाच्या अनुयायांचे चारशेहून अधिक मृतदेह निघाले. उपाशी राहून देवाला भेटा असे त्या लोकांना सांगण्यात आले होते. त्या किनाऱ्यावरच्या आईवडिलांना आज बाहेरून आलेल्या प्रचारकाची भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. तुमचे नाव, तुमची मंडळी, तुमचा यजमान पाळक आणि तुमचा पत्ता त्यांना सहज कळला पाहिजे. मुलांसह राहणारे कुटुंब इथे फार उपयोगी पडते. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावापुढे 'मामा', म्हणजे आई, लावून हाक मारतात. मला माझ्या नावाने कोणीच ओळखत नव्हते. माझ्या मुलीची आई म्हणून सगळी गल्ली ओळखत होती, आणि ज्याच्या घरी मूल आहे त्याचा ठावठिकाणा लोकांना माहीत असतो.

आता आमच्या घरात जे बिघडले ते सांगते, कारण तुमचा मुलगा लहान आहे. पहिल्या मुक्कामात आम्ही समितीच्या कार्यालयाजवळ घर घेतले होते आणि दार सतत उघडे असे. आज वोईहून कोणी आले, उद्या नैरोबीहून, जेवून जा, राहून जा. माझे पती आठवड्यातले चार दिवस दौऱ्याच्या गावी असत. तिसऱ्या महिन्यात आमचा आठ वर्षांचा मुलगा घरात बोलेनासा झाला. शाळेत तो बोलत असे, शिक्षिकेची काही तक्रार नव्हती. घरी आला की मात्र तो पाहुण्यांच्या खोलीला वळसा घालून मागच्या दाराने येई आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसे. एके रात्री त्याने मला विचारले, "आपलं घर कधी येणार?" मी म्हटले, हेच आपले घर. तो म्हणाला, "हे मंडळीचं आहे." मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही समितीपुढे जाऊन तीन गोष्टी मागितल्या: सोमवारी आमच्या घरी कोणी येणार नाही, पती सलग दोन रात्रींपेक्षा जास्त बाहेर राहणार नाहीत, आणि पाहुण्यांची सोय चर्चच्या आवारात होईल. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सोमवारचा नियम सगळ्या मंडळ्यांत जाहीर केला आणि स्वतः कटाक्षाने पाळला. मुलगा बोलता व्हायला पाच आठवडे लागले. त्या तीन गोष्टी तुम्ही जाण्यापूर्वीच मागून घ्या. घर शाळेजवळ घ्या असे वर लिहिले ते याचसाठी.

आतापर्यंतचे एका ओळीत: आधी लेखी निमंत्रण आणि परवाना, मग शाळा व शाळेजवळचे घर, मग सोमवार राखणे, आणि त्यानंतर दौऱ्याच्या तारखा.

आरोग्याबाबत हयगय नको. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस किमान दहा दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्या आणि ते पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टात ठेवा. ते आता आयुष्यभर चालते. केनियाहून परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि हे गायन मंडळाच्या बावीसही जणांना लागू आहे. मलेरियाचा धोका मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूत मोठा आहे. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या नैरोबीत तो कमी आहे. मुलांच्या वजनाप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्या परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्याव्या लागतात, आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीला पर्याय नाही. आमच्या गायन मंडळातल्या एका ताईंना परत आल्यावर बाराव्या दिवशी ताप आला. गावातल्या दवाखान्यात साधा फ्लू म्हणून तीन दिवस काढले गेले, कारण आफ्रिकेहून आल्याचे कोणी सांगितलेच नव्हते. त्या वाचल्या, पण अतिदक्षता विभागात आठवडा गेला. परतल्यानंतर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य प्रवासाचे सांगायचे, असे मी आता प्रत्येकाला कागदावर लिहून देते.

हा विषय निघाला की मला जर्मन मिशनरी योहान क्राफ यांची आठवण होते. ते १८४४ मध्ये पत्नी रोझिना यांच्यासह मोंबासाला आले आणि काही आठवड्यांतच, त्याच जुलैमध्ये, पत्नी आणि नवजात मुलगी दोघीही तापाने गेल्या. ती कबर मोंबासात आहे. आम्ही मुलांना तिथे नेले होते आणि मुलीने तिथेच विचारले होते की मग त्यांनी यायला हवे होते का. मी तिला उत्तर दिले नाही, आजही माझ्याकडे नाही. आपल्याकडे मात्र गोळ्या आहेत, जाळी आहे, रक्त तपासायची सोय आहे, आणि ते सगळे वापरणे हा विश्वासाचा अभाव मुळीच नाही.

त्या कबरीपासून जवळच फ्रीअर टाउनची, म्हणजे सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीची, जुनी घंटा आहे. त्या चौकाला आजही 'केन्गेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. तुम्ही नाशिकचे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात मुंबईला आणली जात, आणि त्यांतली बरीच तुमच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात वाढली, तिथे लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. मिशनरी आणि प्रवासी संशोधक लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांच्या शवपेटीला त्याने हात दिला. याच 'बॉम्बे आफ्रिकन्स'पैकी अनेक जण १८७५ च्या सुमारास फ्रीअर टाउनला येऊन राहिले आणि त्या किनाऱ्यावरच्या पहिल्या मंडळ्या उभारण्यात, शाळा चालवण्यात त्यांचा वाटा होता. तेव्हा तुम्ही तिथे नवीन काही घेऊन जात आहात असे समजू नका. नाशिकहून मोंबासाला गेलेली माणसे त्या मंडळीच्या पायात आधीच आहेत. ही गोष्ट तुमच्या गायन मंडळाला निघण्यापूर्वी सांगा, आणि पहिल्या संध्याकाळी तिथल्या वडील मंडळींनाच ती सांगायला लावा. त्यांना ती आपल्यापेक्षा चांगली सांगता येते.

दौऱ्याच्या प्रत्यक्ष व्यवस्थेतल्या काही बाबी घाईने नोंदवते. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा मैदाने आणि रस्ते पाहण्याचे काम फेब्रुवारीत उरका. उघड्या मैदानावरच्या सभेची सूचना स्थानिक पोलीस ठाण्याला किमान तीन दिवस आणि जास्तीत जास्त चौदा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून ते काम त्या-त्या गावच्या पाळकांकडेच हवे. दौरा एक वर्ष पुढे ढकलण्याचा विचार आला तर ऑगस्ट २०२७ टाळा, कारण केनियाची सार्वत्रिक निवडणूक त्याच महिन्यात आहे आणि ध्वनिवर्धक लावलेली प्रत्येक गर्दी तेव्हा राजकीय समजली जाते. मोंबासा ते नैरोबी रेल्वेने पाच-सहा तासांत होते, वाद्यांसह बसपेक्षा ती बरी. तबल्याची काळजी वेगळी घ्या. मोंबासाच्या दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो आणि नैरोबीच्या थंड, कोरड्या हवेत तोच चढतो, तेव्हा वादकाला पोहोचल्यावर एक संध्याकाळ मोकळी द्या. प्लगला तीन चौकोनी दांड्या असतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, म्हणून मसाले आणि पिठे डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा, आणि हे गायन मंडळाच्या प्रत्येकाला कळवा.

आता एकट्याने जाण्याचा प्रश्न. काम दोन-अडीच महिन्यांचे असते तर मी बेधडक एकटे जा म्हटले असते. आठ-नऊ महिन्यांसाठी तसे म्हणवत नाही. मध्ये दोनदा येऊन जाणारे वडील मुलांना पाहुण्यासारखे वाटू लागतात, आणि तिकडे एकटा पुरुष घरोघरी जाऊ शकत नाही, चहाला कोणाला बोलावू शकत नाही, त्याला कोणी आपल्या स्वयंपाकघरात बसवत नाही. पण पत्नींचे मन नसेल, किंवा मुलीची दहावी जवळ असती, तर मी उलटे सांगितले असते. मधला मार्गही आहे. तुम्ही जानेवारीत एकटे जाऊन घर, शाळा आणि कुटुंबाचे पास मार्गी लावा आणि कुटुंबाने एप्रिलच्या सुटीनंतर दुसऱ्या सत्राला यावे. त्यात मुलांचे इकडचे वर्षही जवळजवळ पुरे होते. परतण्याचे तिकीट मात्र दौरा संपल्यावर निदान एक महिन्याने काढा. गायन मंडळ निघून गेले की घरोघरी भेटी, हिशेब आणि आभार यांचे काम असते, आणि मुलांनाही आपल्या मित्रांचा निरोप सावकाश घ्यायला मिळाला पाहिजे. आमच्या मुलाने शेवटच्या आठवड्यात घरमालकीणबाईंच्या नातवाला भोवरा फिरवायला शिकवले आणि तो भोवरा तिथेच ठेवून आला.

राहिला प्रश्न तुमच्या आईंचा. त्यांना कोणी समजावू नका, त्यांना कामात घ्या. आम्ही माझ्या सासूबाईंना दर बुधवारी रात्री नऊची वेळ दिली होती, तिकडचे साडेसहा. त्या वेळी फोनवर त्या मुलांकडून आठवड्याचे वचन पाठ म्हणून घेत आणि मुले त्यांना एक नवा स्वाहिली शब्द शिकवीत. सुरुवातीला त्या रागानेच फोन उचलत. जूनमध्ये त्यांनी आपल्या प्रार्थना गटातल्या बायकांना आमच्या दौऱ्यातल्या सगळ्या गावांची नावे क्रमाने पाठ करून दाखवली. तुमच्या आईंची बुधवारची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा, आणि पहिला फोन त्यांनी करायचा आहे असे त्यांना सांगा.